मक्यातले मैदान: चित्रीकरणाची जागा शेतात जपावी का?

गोदाकाठ (नाशिक)

मागच्या ऑगस्टमध्ये मुलाकडे शिकागोला असताना आम्ही तिथून मोटारीने साधारण चार तासांवर असलेल्या, आयोवा राज्यातल्या डायर्सव्हिल गावी जाऊन आलो. गावाबाहेर मक्याच्या शेतात बेसबॉलचे एक मैदान आहे. 1988 च्या उन्हाळ्यात 'फील्ड ऑफ ड्रीम्स' या चित्रपटासाठी ते तयार केले गेले आणि चित्रपट 1989 मध्ये प्रदर्शित झाला. एक आवाज ऐकू येतो म्हणून उभे पीक मोडून मैदान करणारा शेतकरी त्यात केविन कॉस्नरने रंगवला आहे, आणि त्या मैदानावर कधीच वारलेले खेळाडू मक्यातून चालत बाहेर येतात. चित्रीकरण संपले, मंडळी निघून गेली, पण मैदान, शेजारचे पांढरे लाकडी घर आणि बसायच्या फळ्या तीन दशकांहून अधिक काळ तिथेच आहेत.

बेसबॉल मला कळत नाही, हे आधीच सांगतो. पण जिथे गवत संपते तिथेच मका सुरू होतो, मधे कुंपण नाही, आणि येणारा प्रत्येक जण आधी मक्यात शिरतो व मग एखाद्या जुन्या खेळाडूसारखा हळूच बाहेर येतो, हे पाहिल्यावर मीही शिरलो. पानांची धार दंडाला लागत होती, वाळलेल्या तुऱ्याचा भुगा सदऱ्यावर पडत होता आणि दहा पावलांवर उभी असलेली सौ. मला दिसेनाशी झाली होती. लहानपणी येवल्याकडे आजोळच्या मळ्यात लपंडाव खेळताना असेच व्हायचे. बाहेर आलो तेव्हा एक अनोळखी आजोबा नातवाला चेंडू टाकत होते, आणि आमचा मुलगा, जो एरवी माझ्याशी फोनवर दोन मिनिटांवर बोलत नाही, तासभर माझ्या शेजारी फळीवर बसून होता.

माझे म्हणणे असे आहे की आपल्या जिल्ह्यात, विशेषतः इगतपुरी आणि त्र्यंबकच्या बाजूला, एवढी चित्रीकरणे होत असताना शेतातली एखादी तरी जागा शासनाने जशीच्या तशी राखायला हवी. भोवती पीक चालू राहील, शेतकऱ्याला चार पैसे मिळतील, आणि पडद्यावर पाहिलेल्या मातीवर प्रत्यक्ष उभे राहण्याचे सुख लोकांना मिळेल. यात कोणाचे नुकसान आहे, हे मला कळलेले नाही.

बांधावरून (निफाड)

नुकसान कोणाचे, ते मी सांगतो, कारण ते माझे झाले आहे.

काही वर्षांपूर्वी एका मालिकेचे युनिट दोन दिवसांसाठी आमच्या द्राक्षबागेत आले होते. भाडे ठरले, रोख मिळाले, माणसेही बोलायला चांगली होती. परंतु ऑक्टोबर छाटणी होऊन घड दिसू लागलेले होते, आणि कॅमेऱ्याला नायिकेचा चेहरा नीट दिसावा म्हणून कोणीतरी दोन ओलांड्यांवरच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्यांवरच्या, काड्या मुरगळून मागे सारल्या. काडी मोडली की तिच्यावरचा घड गेला, तो पुढच्या छाटणीपर्यंत परत येत नाही. जनरेटरची गाडी सरीतून नेल्यामुळे ठिबकच्या नळ्या पाच ठिकाणी फुटल्या, आणि ते मला तिसऱ्या दिवशी कळले, जेव्हा एका ओळीची पाने माना टाकू लागली. भाड्याच्या रकमेतून हे सगळे वजा केल्यावर उरले ते मुलांच्या फोटोंपुरते.

आता गोदाकाठ म्हणतात की ही जागा कायमची राखा आणि लोकांना येऊ द्या. द्राक्षाचा मणी बोटाने पुसला की त्याच्यावरची पांढरट झाक जाते आणि माल खालच्या प्रतीत पडतो. फवारणी झाल्यावर किती दिवस काढणी करायची नाही, हे निर्यातीच्या बागेत वहीत लिहून ठेवावे लागते. अशा बागेत पर्यटकाने एक मणी तोडून तोंडात टाकला, तर मी त्याला काय सांगायचे? मक्याची गोष्ट वेगळी आहे. मक्यात हजार माणसे शिरून गेली तरी कणसाला कळत नाही. आणि मकाच पाहायचा असेल तर त्यासाठी आयोवाला कशाला जायचे, येवल्याला या. लष्करी अळीही दाखवू, तिकीट न लावता.

जुना प्रोजेक्टर (नाशिकरोड)

निफाडच्या बागाईतदारांचा राग समजण्यासारखा आहे, पण माझा आक्षेप वेगळ्या बाजूचा आहे. गोदाकाठ यांनी परदेशातल्या एका कल्पित कथेचे मैदान पाहिले आणि त्यावरून नाशिकला धडा दिला, तेव्हा आपल्या पायाखाली काय आहे, हे त्यांच्या लक्षात आले नाही.

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. जन्म 1870 चा, मृत्यू 1944 मध्ये नाशिकला. 'राजा हरिश्चंद्र' 1913 मध्ये मुंबईत प्रदर्शित झाल्यावर त्यांनी आपला सगळा कारभार नाशिकला आणला, आणि अण्णा साळुंके यांनी एकाच चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केलेला 1917 चा 'लंकादहन' त्यानंतरचा आहे. पुढे 1918 मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली, तीही नाशिकमध्येच. या सगळ्यांतली कोणती जागा आपण जशीच्या तशी ठेवली? पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, मुले तिथे सहलीला जातात, ठीक आहे. पण स्मारक आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्मारक कुठेही बांधता येते. जागा एकदा गेली की पुन्हा बांधता येत नाही.

पिकाचाच विषय निघाला आहे म्हणून आठवण करून देतो. 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल मिळावे म्हणून फाळक्यांनी आधी जी छोटी चित्रफीत केली ती होती 'अंकुराची वाढ'. कुंडीत वाटाणा पेरून, रोज त्याची थोडी थोडी छायाचित्रे घेत, महिन्याहून अधिक काळची वाढ त्यांनी पडद्यावर काही क्षणांत दाखवली. म्हणजे आपल्या चित्रपटासाठी पहिले पीक एका कुंडीत आले होते. ती कुंडी आज कुठे आहे, असे विचारायला गेलो तर लोक हसतील, म्हणून विचारत नाही. परंतु ज्या शहराने खऱ्या जागा जाऊ दिल्या त्याने आता एखाद्या मालिकेतल्या झोपडीला पाटी लावावी, हे मला पटत नाही.

सातबारा (सिन्नर)

महसूल खात्यात नोकरी झाली आहे, म्हणून डायर्सव्हिलची दुसरी बाजू थोडी वाचली होती, ती सांगतो. मूळ लेखात ती नाही.

ते मैदान एका शेतकऱ्याच्या जमिनीवर नव्हतेच. आतला भाग आणि घर एका कुटुंबाचे, तर बाहेरच्या मैदानाचा डावा आणि मधला भाग शेजाऱ्याचा होता. चित्रीकरण संपल्यावर शेजाऱ्याने आपल्या वाट्यावर पुन्हा मका पेरला, आणि लोक येऊ लागलेले पाहून नंतर तो भाग पुन्हा मोकळा केला. त्यानंतर अनेक वर्षे एकाच मैदानाला दोन प्रवेशवाटा आणि आठवणीच्या वस्तू विकणारी दोन दुकाने होती. आपल्याकडे भाऊबंदकीत विहिरीची पाळी वाटून घेतात, तसाच हा प्रकार. 2007 मध्ये दोन्ही भाग एका हाती आले, आणि पुढे 193 एकरांचे ते शेत 34 लाख डॉलरला विकले गेले. मैदानाच्या आसपास मोठे क्रीडासंकुल करायचे म्हणून गावाच्या नगरपरिषदेने 2012 मध्ये जमीन शेतीच्या वापरातून व्यापारी वापरात टाकली, तेव्हा आजूबाजूच्या काही रहिवाशांनी न्यायालयात धाव घेतली. 2016 मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने नगरपरिषदेच्या बाजूने निकाल दिला. 12 ऑगस्ट 2021 रोजी तिथे व्यावसायिक संघांचा पहिला सामना झाला तोसुद्धा चित्रपटातल्या मैदानावर नव्हे, तर शेजारी मक्यात बांधलेल्या आठ हजार आसनांच्या वेगळ्या मैदानावर. जपलेली जागा लहान पडली म्हणून तिच्या शेजारी दुसरी बांधावी लागली, हे ध्यानात घ्यावे.

आता हे आपल्याकडे आणून पाहा. दोन एकरांचा तुकडा, सातबाऱ्यावर पाच नावे, त्यांतले दोघे पुण्याला. तिकीट लावून कायमचे दुकान थाटायचे म्हटले की बिगरशेती परवानगीचा प्रश्न येतो. गाड्या जायला बांधावरून रस्ता हवा, तो शेजाऱ्याने अडवला की जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे अर्ज, मग पंचनामा, मग अपील. मी असे अर्ज पाहिले आहेत. बैलगाडीच्या वाटेवरून वीस वर्षे न बोलणारी दोन घरे पर्यटकांच्या बसला वाट देतील, अशी आशा मी तरी ठेवत नाही.

घाटमाथा (इगतपुरी)

सातबारा यांनी कागद बरोबर मांडले, पण त्यातून जागा राखूच नये, असे निघत नाही. ती कशी राखावी, एवढेच निघते.

न्यूझीलंडमध्ये मातामाताजवळ सुमारे 1,250 एकरांचे मेंढ्यांचे एक शेत आहे. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'साठी तिथे बारा एकरांवर बुटक्यांचे गाव उभारले होते. चित्रीकरणानंतर बरेचसे काढून टाकले, तरी उरलेले पाहायला लोक येऊ लागले म्हणून 2002 पासून सहली सुरू झाल्या, आणि पुढच्या चित्रपटांच्या वेळी तेच गाव टिकाऊ साहित्याने पुन्हा बांधले गेले. मेंढ्या बाकीच्या रानात चरतच आहेत. तिथे मनाला येईल तसे कोणी फिरत नाही, वाटाड्याबरोबर ठरलेल्या वाटेनेच जावे लागते. बागाईतदारांची निम्मी तक्रार एवढ्याने मिटते.

उलट उदाहरण बेंगळुरूजवळच्या रामनगरचे. 'शोले'चे रामगढ तिथे उभारले आणि काम झाल्यावर काढून टाकले. टेकड्या राहिल्या, लोक आजही जातात आणि ठाकूरचे घर कुठे होते ते विचारतात. त्याच रामदेवर बेट्टावर 2012 मध्ये गिधाडांचे अभयारण्य झाले. खरे सांगायचे तर मला रामगढ नसल्याचे दुःख नाही, गिधाडे असल्याचा आनंद आहे. म्हणजे प्रत्येक जागा राखायची असते, असे मीही मानत नाही.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे वाचले. जुना प्रोजेक्टर यांचा टोला मला लागला आणि लागायलाच हवा होता. 'लंकादहन'च्या शहरात जन्म काढून मला जागेचे मोल मक्यात कळले, हे खरे आहे. मात्र कल्पित कथेची जागा खोटी असते, हे त्यांचे म्हणणे मला मान्य नाही. पंचवटीत सीतागुंफेत वाकून उतरणारा माणूस आधी पुरावा मागत नाही. गोष्ट मनात असते, आणि पायाला माती लागली की ती अंगात येते.

सातबारा यांनी दोन मालकांची हकीकत सांगितली ती मला माहीत नव्हती. आम्ही बसलो होतो त्या फळीवरून मैदान एकसंध दिसत होते. तरीही मला त्या शेजाऱ्याचे कौतुक वाटते, कारण पेरलेला मका पुन्हा काढून त्याने जागा मोकळी केली, आणि सुरुवातीला तरी त्याला कोणत्याही शासनाने सांगितले नव्हते. म्हणून माझ्या मूळ मागणीतून 'शासनाने' हा शब्द मी मागे घेतो. बागाईतदारांना एकच विचारतो: तुमच्या बागेत ते चित्रीकरण झाले, ती ओळ पाहायला कोणी कधी आले का?

बांधावरून (निफाड)

आले. मालिका संपल्यावर वर्षभराने सटाण्याकडची एक म्हातारी बाई मुलाला घेऊन आली होती. नायिका जिथे उभी राहून रडली ती जागा दाखवा म्हणाली. मी दाखवली. ती तिथे थोडा वेळ उभी राहिली, मांडवाच्या तारेला हात लावला, चहा घेतला आणि गेली. तिच्याकडून काय घ्यायचे, हे मला सुचले नाही, आणि सुचले असते तरी घेतले नसते. पण ती एकटी होती. रविवारी चाळीस गाड्या आल्या असत्या तर मी फाटकाला कुलूपच लावले असते, आणि त्याचे मला वाईटही वाटले नसते.

घाटमाथा यांचा वाटाड्याचा मार्ग मेंढ्यांना चालेल. माझ्या दोन ओळींमधून एक माणूस आणि एक फवारणीचा ट्रॅक्टर एका वेळी जात नाहीत.

गोदाकाठ, तुम्हाला यायचे असेल तर जरूर या, सौ.ना आणि मुलालाही घेऊन या. फक्त एप्रिलच्या खरड छाटणीनंतर लगेच या. त्या आठवड्यात बागेत नुसते खुंट आणि ओलांडे असतात, मोडण्यासारखे काही नसते, आणि मलाही वेळ असतो. ती ओळ पूर्वेकडून सातवी आहे.