राणीची खुर्ची आणि रँकिनचा खांब

खडीवाला: "रीजियस प्रोफेसर (राजा-राणीने काढलेल्या पदावरचा प्राध्यापक) म्हणजे दरबारी माणूस. एलिझाबेथ राणीच्या हीरकमहोत्सवानिमित्त २०१३ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजला इंजिनिअरिंगची अशी खुर्ची मिळाली म्हणे, काय ते कौतुक!" असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं आणि डोकं फिरलं. अहो, १८४० साली व्हिक्टोरियाने ग्लासगोत सिव्हिलची खुर्ची काढली, तेव्हा तिथल्या जुन्या प्राध्यापकांना ती नकोच होती. पहिले प्राध्यापक लुईस गॉर्डन यांना शिकवायला खोली मिळायची मारामार! १८५५ मध्ये त्यांच्या जागी रँकिन आले. आखूड खांब चिरडतो, लांब खांब वाकतो, दोन्हींना एकच सूत्र: रँकिन-गॉर्डन. पाठ केलं होतंत ना? तेच हे दोघे.

तिरकस: म्हणजे माणूस वरून लादला तरी चालतो? आपल्याकडे कुलगुरू वरून येतात तेव्हा का बोंबलता मग? आणि २०१३ मध्ये राणीने कुणाला खोली मिळवून दिली? त्या खुर्चीवर बसवलेले तुमाझू तेहतिसाव्या वर्षीच इम्पीरियलमध्ये प्रोफेसर झाले होते. हा नुसता किताब. रावबहादूर म्हणा.

तासिकाग्रस्त: रँकिन पदवी न घेताच एडिनबरातून बाहेर पडला आणि रेल्वेच्या कामावर गेला. आपल्याकडे त्याला सीएचबीवरही (तासाच्या हिशेबाने पगार) घेतला नसता. मी अकरा वर्षं पुलांवर काढली, आता तासावर शिकवतो. जूनचे पैसे मार्चमध्ये आले. शटरिंगचं (काँक्रीट ओतायच्या साच्याचं) पोट सुटलेलं कसं ओळखायचं ते सांगायला लागलो की पोरं फोन खाली ठेवतात. कायम कोण झाला? ज्याने सिमेंट फक्त पोत्यावरच्या चित्रात पाहिलंय तो.

गाईडची_लाडकी: आम्हाला होते एक साइटवाले सर. "आमच्या पुलावर काय झालं" यातच तास संपायचा. सूत्राची सिद्धता मी परीक्षेच्या आदल्या रात्री एकटीने केली. रँकिनने जाडजूड पाठ्यपुस्तकं लिहिली, काका. किस्से नाही सांगत बसला.

तासिकाग्रस्त: काका कोण? आणि पीएचडीवाल्यांनी काय लिहिलंय? एकमेकांची नावं घातलेले पेपर!

गाईडची_लाडकी: माझ्या पेपरवर माझं एकटीचं नाव आहे. गाईडचं दुसरं. बरं, हसा.

खडीवाला: धागा ग्लासगोचा होता हो...

तिरकस: १८४० ची खुर्ची दिली तुम्हाला, घ्या. खोली नाकारणारे प्राध्यापक माझ्याही कॉलेजात होते. २०१३ ची झूल मात्र तुम्हीच पांघरा.

तासिकाग्रस्त: ताई, पोरांना सिद्धता मलाही जमत नाही धड. गुरुवारी तोच तास आहे. पाठवता का वहीचे फोटो?