क्वेकर आणि ती रिकामी खुर्ची

क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातला एक पंथ. जगभरातल्या चर्चना एकत्र आणणाऱ्या जागतिक चर्च परिषदेत क्वेकर नाहीत, असं म्हटलं जातं. ते अर्धंच खरं. अमेरिकेतले काही गट १९४८ पासून सदस्य आहेत. ब्रिटनच्या क्वेकरांनी मात्र १९४० मध्येच नकार कळवला. श्रद्धा ठरावीक शब्दांत बांधून सही करणं त्यांना पटत नाही, नकाराचं मूळ तेच. १९९० मध्ये ते ब्रिटनच्या नव्या चर्च-संघटनेत आले, तेही तत्त्व म्हणून लिखित श्रद्धापत्र न मानणाऱ्यांसाठी ठेवलेल्या खास कलमामुळे.

माझ्या मनाला खरं लागतं ते २०१९ चं. इंग्लंडमधल्या वेगवेगळ्या चर्चच्या सामायिक मंडळात अध्यक्षपदांपैकी एकासाठी एका क्वेकर बाईंची निवड झाली होती. त्यांचा विवाह एका स्त्रीशी झालेला, म्हणून त्यांना पद घेऊ दिलं नाही; खुर्ची रिकामी ठेवली. फार वाईट वाटलं. तरी क्वेकर मंडळ सोडून गेले नाहीत.