कयाक हा ब्रेक नाही! मोठ्या माशाच्या नादात नवख्यांना पाण्यात ढकलू नका

तळठाव

परवा या फोरमवर एकाने कयाकवरून, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या अरुंद होडीतून, मासे धरण्याबद्दल लिहिलं: "कयाकवरून मोठा मासा काढणं बोटीपेक्षा सोपं. मासा कयाकला ओढत नेतो आणि ओढून ओढून स्वतःच दमतो. कयाक म्हणजे फुकटचा ब्रेक. ड्रॅग घट्ट करा, पाय दोन्ही बाजूंना सोडा आणि मजा घ्या." खाली वाहवांची रांग लागली आहे, आणि त्यातले निम्मे "येत्या रविवारीच करून बघतो" म्हणतायत. म्हणून हा वेगळा धागा.

आधी ब्रेकचं बघू. तंगुसावर, म्हणजे गळाच्या दोरीवर, किती ताण येणार हे ड्रॅग ठरवतो; ठरावीक ओढीला रीलवरून तंगूस सुटू देणारी ती कळ. ड्रॅग 5 किलोला लावला असेल तर माशाला जास्तीत जास्त 5 किलोचाच ओढा लागणार, मग तुम्ही खडकावर उभे असा नाहीतर कयाकमध्ये बसलेले असा. उलट कयाक सरकू लागली की ओढा पाचाच्याही खाली येतो, कारण शांत पाण्यात कयाक सावकाश सरकवायला तेवढा जोर लागतच नाही. मासा कमी कष्टात लांब जातो आणि झुंज लांबते. कयाक झटके पोटात घेते, तंगूस तुटू देत नाही, हे मान्य. पण ते स्प्रिंगचं काम झालं. ब्रेक म्हणजे वेगळं.

आता "ड्रॅग घट्ट करा". माझ्या गळाला कुपा (ट्यूना) होता, पंचवीसेक किलोचा. पहिला पाऊण तास सगळं त्या लेखातल्यासारखं झालं. नाळ, म्हणजे कयाकचं पुढचं टोक, माशाकडे, कयाक त्याच्या मागे मागे, मी खूश. कुपा शेवटी शेवटी खोल जातो आणि कयाकच्या बुडाखाली गोल फिरत राहतो, हे ज्यांनी धरलाय त्यांना सांगायला नको. मला घाई झाली आणि मी ड्रॅग आवळला. पुढच्याच फेरीत तंगूस डावीकडून थेट कयाकच्या खाली गेला. रॉड काठावर आपटला, काठ पाण्याला टेकला आणि दुसऱ्या क्षणी मी पाण्यात. वल्ह्याची दोरी घोट्याभोवती, रॉडची दोरी कोपराभोवती, आणि पलीकडच्या टोकाला मासा अजून ओढतोच आहे. सुरी जॅकेटच्या छातीवर अडकवलेली होती म्हणून आज लिहितोय. पॅन्टच्या खिशात असती तर हात पोचला नसता.

रीलवेडा

ते वाक्य माझं आहे, तेव्हा उत्तरही मीच देतो.

नऊ वर्षं कयाकवरून मोठे मासे धरतोय, एकदाही उलटलो नाही. तुमचं गणित कागदावर ठीक आहे. पण कयाक, माणूस आणि सामान मिळून 130 किलोच्या वर जातं, आणि माशाने दिशा बदलली की दर वेळी ते वजन नव्याने हलवावं लागतं. शिवाय मी मागे ड्रोग सोडतो. पाण्यात ती कापडी पिशवी उघडली की कयाक सरकवून दाखवा! तो ब्रेक नाही तर काय आहे?

आणि स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्ही उलटलात ते माझ्या सल्ल्याने नाही. तंगूस बुडाखाली गेला की रॉडचं टोक सरळ पाण्यात बुडवायचं आणि नाळेपुढून वळसा देऊन दुसऱ्या बाजूला आणायचं. हे पहिल्या दिवशी शिकवतात. तुम्ही रॉड वर धरून बसलात.

तळठाव

शिकवतात, बरोबर. पण तुमच्या लेखात त्याचं एक अक्षर नाही, "मजा घ्या" मात्र आहे. ड्रोगचाही उल्लेख नाही. वजन तुम्ही कितीही सांगा, ड्रॅग 5 किलोला सुटणार असेल तर सहावा किलो माशापर्यंत पोचतच नाही.

उभी लाट

दोघेही मोठ्या आवाजात बोलताय, पण मूळ गोष्ट राहून गेली. त्या लेखातल्या फोटोत लाइफजॅकेट कुठे आहे? जॅकेट सीटमागे अडकवलेलं दिसतंय. पाण्यात पडल्यावर ते कोण घालून देणार?

गार पाण्याबद्दल कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट 1-10-1 सांगतात. पहिलं 1 मिनिट श्वास ताब्यात आणण्याचं, पुढची 10 मिनिटं हातापायांत कामापुरता जोर असतो तेवढी, आणि थंडीने शुद्ध हरपायला साधारण 1 तास. बरेच जण त्या तासापर्यंत पोचतच नाहीत, आधीच बुडतात. पहिल्या मिनिटात धाप लागते, तोंड पाण्याखाली असेल तर तेवढ्यात पाणी आत जातं. मी एकदा अशी पडले आहे. साधी शिट्टी ओठांत धरता येईना. बोटं स्वतःची वाटत नव्हती. जॅकेट अंगावर होतं म्हणून नुसती तरंगत राहिले आणि श्वास परत आला.

मासा लागलेला असताना हे सगळं दुप्पट अवघड होतं, कारण जीव रॉडमध्ये अडकलेला असतो. रॉड सोडून द्यायला माणूस तयारच होत नाही.

रीलवेडा

उभी लाट ताई, जॅकेटचं तुमचं बरोबर. फोटोसाठी काढलं होतं. काढायला नको होतं.

फक्त वल्हं

मूळ रोग कोणी बोलतच नाही. पाय मारून चालणाऱ्या कयाक आल्यापासून हे सगळं सुरू झालं. पूर्वी वल्ह्यावर जाणारा माणूस तेवढाच लांब जायचा जेवढं परत वल्हवता येईल. आता पेडल मारत कुठच्या कुठे जातात, वाऱ्याचा अंदाज नाही, भरतीचं भान नाही, आणि पेडल अडकलं की वल्हं कसं मारायचं हेही ठाऊक नाही. ज्याला वल्हवत परत येता येत नाही त्याने मोठ्या माशाच्या वाटेला जाऊ नये. पाण्याशी हाताने ओळख व्हावी लागते.

रीलवेडा

हे आलंच! प्रत्येक धाग्यावर तेच. पेडलमुळे दोन्ही हात रॉडवर राहतात आणि नाळ माशाकडे ठेवता येते. तळठाव ज्या कारणाने उलटले ते पेडल असतं तर टळलं असतं. वल्हं हातात घेऊन कुप्याशी झुंजून दाखवा, मग बोलू.

फक्त वल्हं

दाखवलंय. तुमच्या पेडलच्या आधीपासून.

खारं पाणी

माणसांच्या जिवाबद्दल बोललात, चांगलं केलंत. माशाच्या जिवाबद्दल कोण बोलणार? मला त्या लेखात सगळ्यात जास्त खुपलं ते शेवटचं वाक्य: "दीड तास झुंजून, फोटो काढून, सुखरूप सोडून दिला." सुखरूप हे कोणी ठरवलं?

फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांचा 1992 चा रेनबो ट्राउटवरचा अभ्यास आहे. नुसतं दमवून सोडलेल्या माशांपैकी 12 टक्के मेले. दमवून 30 सेकंद हवेत धरलेले 38 टक्के, आणि 60 सेकंद धरलेले 72 टक्के. नुसतं एक मिनिट! कयाकवर मोठा मासा मांडीवर घ्यायचा, कॅमेरा सुरू करायचा, गळ काढायचा, हसायचं, यात मिनिट कधीच उलटून जातं. वर तळठाव म्हणतात तशी कयाकवर झुंज लांबत असेल तर मासा आधीच अर्धमेला होऊन हातात येतो.

खोल पाण्यातून हेकरू (ग्रूपर मासा) वर काढणाऱ्यांनीही ऐकावं. वर येताना त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, जठर तोंडातून बाहेर येतं, डोळे बाहेर येतात. तसा सोडला तर खाली जाऊच शकत नाही, पाण्यावर पालथा तरंगत राहतो. वजन लावून त्याला परत खोलवर सोडण्याचं साधन मिळतं. कयाकवर ते किती जणांकडे असतं?

आणि विक्रमांची हौस. 2014 मध्ये नॉर्वेजवळ कयाकवरून धरलेल्या ग्रीनलंड शार्कची बातमी जगभर फिरली, वजन पाचशे किलोंच्या वर. दोन वर्षांनी, 2016 मध्ये, शास्त्रज्ञांनी त्याच जातीच्या माद्यांच्या डोळ्यांच्या भिंगांवरून वय काढलं. सगळ्यात मोठी मादी निदान 272 वर्षांची असावी, आणि पिल्लं द्यायच्या वयाला यायलाच त्यांना दीडशे वर्षं लागतात. असा जीव गळाला लावून तासभर ओढायचा, तो मासा सोडला तरीही, कशासाठी?

रीलवेडा

हा धागा कयाकचा होता, आता माझ्यावर खुनाचा खटला सुरू झालाय.

ट्राउट आणि सुरमई एक नाहीत, प्रयोगाची टाकी आणि समुद्र एक नाहीत. ते आकडे उचलून प्रत्येक माशाला लावता येत नाहीत. मी सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ, वापरतो, तो बहुतेक वेळा ओठाच्या कडेला लागतो, घशात जात नाही. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा चपटा करून टाकतो. बोटीवरचे लोक लोखंडी आकडा मारून मासा फळीवर आपटतात, त्यांना एक शब्द नाही आणि कयाकवाला मात्र पापी?

खारं पाणी

त्यांना बोलते तेव्हा तिथे बोलते. इथे तुम्ही "सुखरूप" लिहिलंत.

आकडे जातीजातीला बदलतील, हे मान्य. पण दमलेल्या माशाला हवेत धरलं की त्याचं नुकसान होतं, यावर तुमचा आक्षेप नाही ना? मग मासा मांडीवर घेताच कशाला? पाण्यातच कयाकला लगटून धरा, तिथेच गळ काढा, तिथेच फोटो.

उभी लाट

मांडीवर घेण्याबद्दल माझ्याकडून ऐका, आणि हे माशापेक्षा तुमच्यासाठीच आहे. पंधरा किलोची सुरमई, तोंडात दोन तिहेरी गळ असलेलं आमिष. मी तिला मांडीवर ओढली. ती एकदा उसळली आणि मोकळा गळ माझ्या अंगठ्याच्या बुडाशी रुतला. दुसरा गळ तिच्या जबड्यात. म्हणजे मी आणि सुरमई एकाच आमिषाला टांगलेल्या, आणि ती शेपटी आपटतेय. प्रत्येक आपटीला गळ आणखी आत. डाव्या हाताने पक्कड शोधायला किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, पण पक्कड पुढच्या झाकणाखाली ठेवली होती आणि तिथवर वाकता येत नव्हतं हे अजून डोळ्यांसमोर आहे. आता पक्कड जॅकेटला बांधलेली असते आणि आमिषाला एकेरीच गळ.

जुनी होडी

उशिरा आलो. एक गोष्ट सांगतो, पटली तर घ्या.

कयाक ज्यांची, त्या इन्युइट लोकांनी सील धरताना कयाक कधी ब्रेक म्हणून वापरली नाही. भाल्याची लांब दोरी कयाकच्या पाठीवर गुंडाळलेली असायची आणि तिच्या टोकाला सीलच्या कातड्याची फुगवलेली पिशवी, अवताक. भाला लागला की पिशवी पाण्यात टाकायची आणि बाजूला व्हायचं. ओढ पिशवीला, दमणं जनावराला, माणूस मोकळा. बर्फाच्या पाण्यात उलटणं म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं. आपण रॉड अंगाशी धरतो, वर तो कयाकला बांधतो, आणि त्याला धाडस म्हणतो.

रॉडला दोरी बांधू नका असं म्हणत नाही. एका ओढीत सुटेल अशी बांधा. आणि नांगर कधीही बाजूला बांधू नका, टोकालाच हवा. मासा लागल्यावर आधी नांगर सोडायचा, तरंगत्या बोयाला बांधून. माझी पहिली कयाक मी बाजूच्या नांगरापायी घालवली, तेव्हा तर मासा लहान होता.

फक्त वल्हं

बघा, अवताकवाल्यांकडेही वल्हंच होतं.

खारं पाणी

फक्त वल्हं, एक विचारते. कुप्यासारख्या माशाला श्वासासाठी पुढे सरकत राहावं लागतं, तोंडातून पाणी कल्ल्यांवर गेलं पाहिजे. दमलेला कुपा सोडण्याआधी त्याला बाजूला धरून कयाक सावकाश पुढे न्यावी लागते. दोन्ही हातांत वल्हं असताना मासा कोण धरणार?

फक्त वल्हं

...तेवढ्यापुरतं पेडल बरं. तेवढ्यापुरतंच. परत येताना वल्हं मारता आलंच पाहिजे, या मुद्द्यावरून मी हलणार नाही.

रीलवेडा

चला, एवढं तरी मिळालं.

मी लेखात बदल करतोय. "ड्रॅग घट्ट करा" काढलं. त्याजागी: तंगुसाच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच ड्रॅग, तोही किनाऱ्यावर वजनकाट्याने मोजून, आणि झुंज सुरू झाल्यावर हात लावायचा नाही. बुडाखाली तंगूस गेल्यावर काय करायचं ते घातलं. ड्रोगचं घातलं. जॅकेटशिवायचा फोटो काढून टाकला. "सुखरूप" हा शब्दही काढला, खारं पाणी यांनी सांगितलं म्हणून नाही, मला खरंच माहीत नाही तो मासा पुढे जगला का, म्हणून. दीड तास जास्त झाला हे तेव्हाच कळत होतं, पण तंगूस तोडायला मन झालं नाही.

"पाय दोन्ही बाजूंना सोडा" राहू देतो. शेवटच्या क्षणी मासा बाजूला आला की तोल त्यानेच राहतो.

उभी लाट

पाय शेवटच्या मिनिटाला सोडा, तासभर नाही. 2013 च्या डिसेंबरमध्ये हवाईत माउईजवळ कयाकवर मासे धरणाऱ्या एकाचा पाण्यात सोडलेला पायच शार्कने धरला, तो माणूस वाचला नाही. तडफडणारा मासा बाजूला असताना शार्क येणार, हे गृहीत धरूनच पाय खाली सोडायचे.

रीलवेडा

"शेवटच्या मिनिटाला" जोडतो.

तळठाव

आणि "ब्रेक"?

रीलवेडा

ब्रेक राहील. ड्रोगसह.

तळठाव

मग "ड्रोगसह" त्याच वाक्यात लिहा, खाली कंसात नको. नवखा माणूस कंस वाचत नाही.

रीलवेडा

लिहिलं. आता बघा.