फिले धूमकेतूवरून उसळलं कसं? डॅम्पर महत्त्वाचा की नांगर?

धूळशेपटी (प्रश्न)
१२ नोव्हेंबर २०१४ला रोझेटा यानाचं फिले लँडर ६७पी धूमकेतूवर टेकलं आणि लगेच उसळलं. त्याला धरून ठेवायला पायांतले बर्फाचे स्क्रू, दोन हारपून (जमिनीत घुसणारे दोरीचे भाले) आणि माथ्यावरचा शीत वायूचा थ्रस्टर अशा तीन सोयी होत्या. तिन्ही एकदम कशा फसल्या? आज असं लँडर करायचं तर भर कशावर द्यावा?

शून्यभार
आधी आकडे बघा. फिलेचं वस्तुमान सुमारे १०० किलो, पण तिथे त्याचा भार पृथ्वीवरच्या एक-दोन ग्रॅमांइतकाच. टेकतानाचा वेग सेकंदाला साधारण १ मीटर, आणि ६७पीचा मुक्तिवेगही (ज्या वेगाने वस्तू त्याच्या ओढीतून कायमची सुटते तो) जवळपास तेवढाच. पाय आणि जमीन यांनी मिळून टेकण्याचा वेग सेकंदाला ३८ सेंटिमीटरवर आणला, म्हणजे सुमारे ८५ टक्के ऊर्जा जिरली. डॅम्परला, म्हणजे पायांतल्या धक्का जिरवणाऱ्या यंत्रणेला, दोष देता येत नाही. पण उरलेल्या वेगावरही लँडर किलोमीटरभर वर गेलं आणि जवळजवळ दोन तास अधांतरी होतं. इतक्या कमी गुरुत्वात डॅम्पर कितीही चांगला केला तरी नांगर लागतोच.

आणि त्या तीन स्वतंत्र सोयी नव्हत्या, ती एक साखळी होती. हारपून सुटला की लँडरला उलटा धक्का बसतो. तो थ्रस्टरने खाली दाबून सोसायचा होता. थ्रस्टर चालू होत नाही हे विलग होण्याआधीच्या तपासणीतच कळलं होतं. म्हणजे हारपून सुटले असते तरी पकड बसेपर्यंत धोका होताच.

कक्षा६७
स्क्रूंबद्दल: ते उतरण्याच्या जोरावर आत शिरायचे होते. पहिल्या स्पर्शाच्या जागी वर भुसभुशीत थर होता, त्यात आट्यांना पकड मिळाली नाही. शेवटी जिथे लँडर थांबलं तिथली जमीन मात्र इतकी कडक, की मुपस या उपकरणाची हातोड्याने ठोकायची सळई आत जाईना. एकाच धूमकेतूवर दोन्ही टोकं!

हारपून तर सुटलेच नाहीत. त्यांत नायट्रोसेल्युलोज या स्फोटक द्रव्याचा भरणा होता. ते पेटण्यासाठी भोवती पुरेसा दाब साठावा लागतो, त्यामुळे निर्वातात ते बेभरवशाचं. शिवाय मार्च २००४च्या उड्डाणानंतर ते दहा वर्षं थंडीत पडून होतं. अशा भरण्याची चाचणी निर्वातात, थंडीत आणि जुन्या केलेल्या नमुन्यावरच घ्यायला हवी.

एक बारीक पण मोठी गोष्ट राहते. स्पर्शाचा सिग्नल मिळाल्यावर ठरल्याप्रमाणे गतिचक्र (लँडर स्थिर ठेवणारं आतलं फिरतं चाक) बंद झालं, आणि त्याचा कोनीय संवेग सांगाड्यात उतरून फिले हवेत गरगरू लागलं. माझ्या मते इथला क्रम बदलायला हवा: हारपूनच्या दोरीला ताण आल्याची खात्री झाली तरच गतिचक्र थांबवायचं.

धूळशेपटी
पण उसळूनही ते काम करत होतं ना? मग नांगर नसला तर बिघडतं काय?

शून्यभार
ऊन बिघडतं. धूमकेतूच्या १२.४ तासांच्या फेरीत सहा-सात तास ऊन अपेक्षित होतं. कड्याच्या सावलीत जेमतेम दीड तास मिळालं. चार्ज न होणारी मोठी बॅटरी साठेक तास पुरली म्हणून ठरलेली बरीचशी मोजमापं झाली, नंतर सौर पट्ट्या लँडर जागं ठेवू शकल्या नाहीत. ती बॅटरी ठेवण्याचा निर्णय इथे अक्षरशः मोहीम वाचवून गेला.

मृदास्पर्श
तिसरा मार्गही बघा: थांबायचंच नाही. नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने २० ऑक्टोबर २०२०ला बेनू लघुग्रहावर नुसता हात टेकवला, नायट्रोजन फुंकून माती उडवली आणि थ्रस्टर मारून ते परत फिरलं. हात अर्धा मीटर आत गेला, इतका पृष्ठभाग सैल निघाला. १२१.६ ग्रॅम नमुना पृथ्वीवर आला.

र्‍युगू या लघुग्रहावरच्या मॅस्कॉट लँडरने उसळणं गृहीतच धरलं होतं. पाय नाहीत, नांगर नाही. आत मोटरने फिरणारा एक वजनी हात, त्याच्या झटक्याने डबा सुलट होतो आणि हवं तर उडीही मारतो. काम सतरा तासांचं, म्हणून सौर पट्ट्याच नाहीत. भोक पाडायचं किंवा महिनोन्‌महिने एकाच जागी मोजायचं असेल तरच नांगराच्या भानगडीत पडा.