शब्दचर्चा: सीबीडी म्हणजे ‘भांगेचे तेल’ का?

रानजाई:
आरोग्यविषयक मराठी मजकुरात कॅनाबिडिऑल, कॅनाबिडायॉल, सीबीडी तेल, हेम्प तेल आणि भांगेचे तेल हे पाच शब्द एकाच पदार्थासाठी सर्रास आलटूनपालटून येतात. सोबत एक ठरीव वाक्य असतेच: ‘यामुळे नशा होत नाही, मनावर कोणताही परिणाम होत नाही, चिंता, निद्रानाश व सांधेदुखीवर गुणकारी.’ यातले काय ठेवावे आणि काय खोडावे?

खलबत्ता:
त्या वाक्यातच गंमत आहे. मनावर परिणाम होत नसेल, तर चिंता कमी कशी होणार? पण आधी नाव.

शेवटचा तुकडा ‘डाय-ऑल’ असा आहे. डाय म्हणजे दोन, ऑल म्हणजे हायड्रॉक्सिल गट. म्हणून कॅनाबिडायॉल लिहावे. ‘डिऑल’ छापील मजकुरात जास्त दिसते, पण त्यातून ‘दोन’ हा अर्थ निसटतो, आणि मुद्दा नेमका त्या दोनाचाच आहे. टीएचसी (भांगेतला नशा आणणारा घटक) आणि सीबीडी (म्हणजे कॅनाबिडायॉलच) यांचे रेणुसूत्र अगदी एक: २१ कार्बन, ३० हायड्रोजन, २ ऑक्सिजन. टीएचसीमध्ये एक ऑक्सिजन वळून कडे बंद करतो आणि हायड्रॉक्सिल एकच उरतो. सीबीडीत ते कडे उघडेच राहते, म्हणून दोन. एवढ्या फरकाने टीएचसी मेंदूतल्या सीबी-१ ग्राहींना (पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या जागांना) पकडते आणि सीबीडी त्यांना धड चिकटत नाही. सीबीडी १९४० साली रॉजर अ‍ॅडम्स यांनी वेगळे काढले. रचना मेशुलम आणि श्वो यांनी १९६३ मध्ये उलगडली. टीएचसीचा छडा त्यानंतर वर्षभराने लागला.

पाटीपेन्सिल:
भाषेच्या बाजूने दोन सापळे सांगते.

पहिला लिंगाचा. केसांचा भांग पुल्लिंगी, वनस्पती भांग स्त्रीलिंगी. त्यामुळे ‘भांगाचे तेल’ असे वाचले की डोळ्यांसमोर कंगवा येतो. ‘भांगेचे’ हेच रूप बरोबर. तसेच ‘गांजाचे’ नव्हे, ‘गांज्याचे’.

दुसरा सापळा जास्त महागात पडतो. ‘हेम्प’ला काही जण ‘ताग’ किंवा ‘अंबाडी’ म्हणून मोकळे होतात. तिन्हींपासून वाख निघतो, एवढेच साम्य. अंबाडीच्या शास्त्रीय नावात ‘कॅनाबिनस’ आहे खरे, पण ते पानांच्या सारखेपणावरून. ती जास्वंदीच्या कुळातली. तागाच्या किंवा अंबाडीच्या बियांत सीबीडी शोधणे म्हणजे शेंगदाण्यात केशर शोधणे.

रानजाई:
मग ‘भांगेचे तेल’ चालवून घ्यायला हरकत काय? झाड तर तेच आहे ना.

खलबत्ता:
झाड तेच, भाग वेगळा. बियांचे तेल घाण्यातून निघते आणि ते खाद्यतेल आहे. सीबीडी मात्र मादी फुलोऱ्यावरच्या चिकट राळेच्या ग्रंथींत तयार होते. बीला फारतर त्या राळेचा ओशट हात लागलेला असतो. म्हणजे बियांच्या तेलात सीबीडी जवळजवळ नाहीच. उलट ‘सीबीडी तेल’ म्हणजे फुलोऱ्याचा अर्क दुसऱ्या एखाद्या तेलात मिसळलेला. वाचक ‘भांगेचे तेल’ वाचून बियांचे तेल घेतो आणि ‘गुण आला नाही’ म्हणतो, किंवा टीएचसीसकटचा सगळा अर्क घेतो आणि डोके गरगरते. एका शब्दाने दोन्ही चुका होतात.

‘हेम्प’ हा वनस्पतिशास्त्राचा शब्दच नव्हे, कायद्याचा आहे. अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्याने कोरड्या वजनात ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेल्या झाडाला हेम्प म्हटले. इथे आकडा फसवतो. झाडात ६ टक्के सीबीडी आणि ०.३ टक्के टीएचसी असेल, तर प्रमाण २० ला १. अर्क घट्ट करत नेला की सीबीडी ६० टक्के होते आणि टीएचसी ३ टक्के. वेगळे काढले नाही तर ते सोबत येतेच: १०० मिग्रॅ सीबीडीबरोबर ५ मिग्रॅ टीएचसी. रोज घेणाऱ्याची लघवीची अमली पदार्थ चाचणी सकारात्मक यायला एवढे पुरेसे होऊ शकते.

पाटीपेन्सिल:
आता ‘नशा’. मराठीत या घराण्यात बरेच शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. झिंग, तार, कैफ, अंमल हे टीएचसीकडचे. गुंगी, पेंग, सुस्ती हे वेगळे. सीबीडीने झिंग येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनेही २०१८ च्या अहवालात शुद्ध सीबीडीत व्यसन लावण्याची क्षमता दिसत नाही असेच म्हटले. पण मोठ्या मात्रेत पेंग येते, आणि पेंग येणे हा मेंदूवरचा परिणामच आहे. म्हणून ‘नशा होत नाही’ ठेवा, ‘मनावर परिणाम होत नाही’ खोडा. एका शब्दात हवे असेल तर ‘अमादक’. ‘निरुपद्रवी’ हा अमादकचा समानार्थी शब्द नव्हे, हेही सांगून ठेवते.

रानजाई:
आणि ‘गुणकारी’?

खलबत्ता:
हा विशेषणांच्या उधारीतला शब्द. कशावर, किती मात्रेत, कोणाच्या तुलनेत, हे विचारले की बरीच वाक्ये गळून पडतात.

आकडीपासून सुरू करू. ‘अपस्मारावर उपयोगी’ असे सरसकट लिहू नये. अमेरिकेत जून २०१८ मध्ये शुद्ध सीबीडीच्या द्रावणाला मान्यता मिळाली ती ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टॉट या दोन दुर्मिळ, हट्टी प्रकारांसाठी. २०२० मध्ये ट्यूबरस स्क्लेरॉसिस या जनुकीय आजारातल्या झटक्यांची भर पडली. ड्रावेच्या २०१७ च्या चाचणीत १२० मुले व तरुण होते. रोज किलोमागे २० मिग्रॅ, चालू औषधांच्या जोडीला. महिन्याच्या झटक्यांचा मध्यांक १२.४ वरून ५.९ वर आला. प्लासिबो (औषध नसलेले, दिसायला तसेच द्रावण) गटात १४.९ वरून १४.१. हा खरा गुण आहे. तरीही क्रियापद ‘कमी होतात’ हेच हवे, ‘बरे होतात’ नव्हे.

चिंतेचे पुरावे पातळ आहेत. लोकांसमोर भाषण करायला लावून एकाच मात्रेचा परिणाम मोजलेल्या छोट्या चाचण्या आहेत. २०१९ च्या अशा एका चाचणीत ३०० मिग्रॅने चिंता कमी झाली. १५० ने नाही आणि ६०० नेही नाही. ‘जितके जास्त तितके बरे’ हा हिशेब इथे चालत नाही. सांधेदुखीत २०२१ ची हाताच्या संधिवाताची चाचणी बघा: रोज २० ते ३० मिग्रॅ, १२ आठवडे, प्लासिबोपेक्षा फरक शून्य. झोपेबद्दल तर ‘अभ्यास चालू आहेत’ याच्या पुढे जाऊ नये.

पाटीपेन्सिल:
‘संशोधनात आढळले’ या वाक्यालाही कर्ता द्यावा. बशीतल्या पेशींत आढळले, उंदरांत आढळले, की माणसांत? दाह आणि कर्करोगाबद्दलची बरीचशी वाक्ये पहिल्या दोन पायऱ्यांवरची असतात आणि मराठीत येताना तिसरीवर उडी मारतात.

रानजाई:
मजकुरात ‘दिवसातून दोनदा पाच थेंब’ असेही आहे. मात्रा की डोस?

खलबत्ता:
दोन्ही शब्द चालतील, ‘थेंब’ मात्र नको. हिशेब करून बघा. ३० मिलीची बाटली, वर १५०० मिग्रॅ लिहिलेले. म्हणजे मिलीत ५० मिग्रॅ. काही बाटल्यांवर हेच ‘५ टक्के’ असे लिहितात. साधारण २० थेंबांचा एक मिली धरला, तर थेंबात २.५ मिग्रॅ. पाच थेंब दोनदा म्हणजे दिवसाचे २५ मिग्रॅ. वर सांगितलेली ३०० मिग्रॅची मात्रा घ्यायची तर ६ मिली, १२० थेंब, आणि बाटली पाच दिवसांत खडखडीत. म्हणजे पुरावा ३०० चा आणि सल्ला २५ चा. दोन वाक्ये शेजारी छापली की वाचक त्यांची गाठ मारतो, ही खरी फसगत.

त्यात तेलाचा थेंब नळीच्या तोंडाप्रमाणे लहानमोठा होतो. खुणा असलेली सिरिंज बरी. आणि १५०० हा आकडा सीबीडीचा की ‘हेम्प अर्का’चा, तेही बघा. २०१७ मध्ये ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ उत्पादनांची तपासणी झाली. लेबलवरचा आकडा खऱ्याच्या दहा टक्क्यांच्या आत होता तो जेमतेम ३१ टक्क्यांत, आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडले.

‘जेवणानंतर’ हा शब्दही ढिला आहे. तेलकट जेवणाबरोबर रक्तातली कमाल पातळी उपाशीपोटीच्या सुमारे पाचपट जाते. म्हणून ‘रोज त्याच पद्धतीने’ हे जास्त महत्त्वाचे. एक दिवस उपाशी आणि एक दिवस भरल्या पोटी घेणे म्हणजे मात्रा बदलणेच.

पाटीपेन्सिल:
‘दुष्परिणाम’ आणि ‘आंतरक्रिया’ यांचीही खिचडी होते. जुलाब, भूक मंदावणे, पेंग हे दुष्परिणाम. आंतरक्रिया म्हणजे एका औषधाने दुसऱ्याचे वागणे बदलणे.

खलबत्ता:
आणि तीच जास्त घातक. सीबीडी यकृतातल्या सीवायपी२सी१९ या विकराला (एन्झाइमाला) अडवते. क्लोबाझम हे आकडीचे औषध चालू असेल तर त्याच्या सक्रिय उपघटकाची पातळी तिपटीपर्यंत चढते आणि पेंग वाढते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनबरोबर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) वाढल्याची नोंद आहे. व्हाल्प्रोएट या आकडीच्या औषधाबरोबर यकृताची एन्झाइमे चढण्याचा धोका जास्त, म्हणून औषधी द्रावण सुरू करण्यापूर्वी आणि नंतर १, ३ व ६ महिन्यांनी रक्ततपासणी सांगितलेली असते. हे फक्त मोठ्या मात्रेपुरते, असे म्हणून सुटका नाही: ब्रिटनच्या अन्नमानक संस्थेने निरोगी प्रौढांसाठीची दिवसाची मर्यादा ऑक्टोबर २०२३ मध्ये ७० वरून थेट १० मिग्रॅवर आणली. मगाचे पाच-पाच थेंब त्याच्या अडीचपट भरतात.

रानजाई:
मग असे लिहू का? ‘कॅनाबिडायॉल (सीबीडी) हा भांगेच्या फुलोऱ्यातला अमादक घटक. काही दुर्मिळ प्रकारच्या आकडीत इतर औषधांच्या जोडीला दिल्यास झटके कमी होतात. चिंतेवर मोजक्या, छोट्या चाचण्या झाल्या आहेत. सांधेदुखी व झोपेवर उपयोग सिद्ध नाही. पेंग येऊ शकते. रक्त पातळ करणारी किंवा आकडीची औषधे चालू असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.’

खलबत्ता:
चालेल. फक्त ‘आकडीची औषधे’नंतर ‘किंवा यकृताचा विकार’ घाला.

पाटीपेन्सिल:
आणि खाली ‘सीबीडी सत्त्व’ असे कुठे राहिले असेल तर काढा. गुळवेलीचे सत्त्व म्हणजे खाली बसलेली पिठी; इथे आयसोलेटसाठी ‘शुद्ध सीबीडी’ पुरे. ‘अर्क’वरही वैद्यमंडळी हरकत घेतील, कारण त्यांच्या लेखी अर्क म्हणजे ऊर्ध्वपातनाने काढलेला. पण रोजच्या बोलण्यात तो शब्द आता इतका सैल झाला आहे की मी तो राहू देईन.