पास चालू करून बसले, आता काय? (सोसायटी ग्रुप, शनिवार २५ एप्रिल)

बी-३०४ वहिनी, रात्री ९:४२
कुणी जागं आहे का? युरेलचा, म्हणजे युरोपातल्या रेल्वेचा पास अ‍ॅपमध्ये घेताना सुरुवातीची तारीख उद्याची पडली. आपण ९ मेला निघतोय! चौघांचे पास एकाच फोनवर आहेत. पैसे बुडाले का? सासऱ्यांचा व्हिसा पण अजून आलेला नाही.

ए-६०२ काका, ९:४५
घाबरू नका. पॅरिसच्या गाडीचं रिझर्व्हेशन झालं का, ते आधी सांगा.

बी-३०४ वहिनी, ९:४५
काका, पास उद्या सुरू होतोय म्हणतेय मी.

सी-१०२ ताई, ९:४९
वहिनी, तुमचा पास एका महिन्यात ७ दिवसांचा आहे ना? मग उद्यापासून फक्त महिन्याची खिडकी उघडते, प्रवासाचा दिवस खर्च होत नाही. २६ एप्रिल ते २५ मे. तुम्ही २२ मेला परत येताय, म्हणजे तारखेत बसतंय.
तरीही तो बंद करा. न वापरलेल्या साध्या पासचे पैसे थोडे कापून परत मिळतात, एकदा सुरुवातीची तारीख उजाडली की मिळत नाहीत. व्हिसा हातात येईपर्यंत पास निद्रिस्तच ठेवायचा.

डी-४०३, ९:५२
अ‍ॅपमध्ये 'माय पास', तिथे पासचा तपशील उघडा, डिअ‍ॅक्टिव्हेट दिसेल. चौघांचं वेगवेगळं करावं लागेल. मुदत तिकडच्या रात्री बारापर्यंत, म्हणजे आपले पहाटेचे साडेतीन. वेळ भरपूर आहे, फक्त नेट चालू ठेवा.

बी-५०१, ९:५८
जानेवारीत मी म्हणालो होतो की पासऐवजी प्रत्येक गाडीची सुटी तिकिटं काढा, स्वस्त पडतील. तेव्हा माझा मेसेज कुणी वाचला नाही. असो.

ए-६०२ काका, १०:००
पुन्हा सांगतो. पास म्हणजे गाडीत चढायची मुभा. सीट वेगळी. आम्सटरडॅम–पॅरिस युरोस्टारला रिझर्व्हेशन सक्तीचं आहे आणि पासवाल्यांचा कोटा वेगळा असतो. गाडीत जागा असली, पूर्ण भाड्याचं तिकीट मिळत असलं, तरी पासवाल्याला "नाही" म्हणतात.

सेक्रेटरी, १०:०३
सर्वांना नम्र विनंती, हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. उद्या सकाळी ७ ते ११ टाकी साफ करणार, पाणी भरून ठेवा.

ए-२०१ काकू, १०:०४
अहो, निम्मी सोसायटी चाललीय, हे सोसायटीचंच काम झालं. तूप नेऊ का डब्यात? नातवाला लागतं.

सी-१०२ ताई, १०:०६
काकू, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध-दुभतं आणि मांस न्यायला बंदी आहे. तूप, पनीर, श्रीखंड काही नको. चकली, कोरडा चिवडा, मेतकूट, तिखटमिठाच्या पुऱ्या चालतील. गाडीत स्वतःचा डबा खायला कुणी अडवत नाही.

बी-३०४ वहिनी, १०:११
दोन पास बंद झाले. तिसऱ्याला अ‍ॅप गोल गोल फिरतंय.

डी-४०३, १०:१२
वायफाय बंद करून मोबाइल डेटावर करा.
आणि वहिनी, चौघांचे पास तुमच्याच फोनवर नकोत. पास एका वेळी एकाच फोनवर राहतो. सासरे आणि तुम्ही वेगळ्या डब्यात बसलात तर तिकीट तपासनीस त्यांना काय विचारणार? तुमच्या फोनवरून काढून त्यांच्या फोनवर पास नंबर आणि आडनाव टाकून जोडा. आडनाव पासपोर्टवर आहे तसंच हवं.

बी-५०१, १०:१५
एवढा खटाटोप! म्हणून म्हणत होतो सुटी तिकिटं.

सी-१०२ ताई, १०:२१
साहेब, दोनच शहरं असतील आणि तीन महिने आधी तारखा पक्क्या असतील तर सुटी तिकिटं नक्की स्वस्त पडतात, तुमचं तिथे बरोबर आहे. पण ती बहुधा त्याच गाडीला बांधलेली असतात. वहिनींकडचा व्हिसा लांबला, आता दोन आठवड्यांवर पॅरिस–झुरिक किंवा मिलान–व्हेनिसचे दर चढलेले असतात. पासचा दर प्रवासाच्या तारखेनुसार वाढत नाही. शिवाय ६० च्या वर १० टक्के सूट आणि ४ ते ११ वर्षांच्या मुलाला मोठ्याबरोबर पास फुकट.

बी-३०४ वहिनी, १०:२३
फुकट? मग धाकट्याचा पास घ्यायचाच नव्हता का?

सी-१०२ ताई, १०:२४
घ्यायचाच, शून्य किमतीचा. तो नसेल तर मूल विनातिकीट धरलं जातं. आणि सीटचं रिझर्व्हेशन त्यालाही पैसे भरूनच.

ए-६०२ काका, १०:२५
रिझर्व्हेशन!! तेच सांगतोय.

सी-१०२ ताई, १०:३८
काका, घ्या, सगळं एकदाच लिहिते.
१) आम्सटरडॅम–पॅरिस: युरोस्टार, माणशी साधारण ३० युरो रिझर्व्हेशन. कोटा संपला तर ब्रुसेल्सपर्यंत साधी इंटरसिटी, मग लील, अमिआं करत टीईआर या साध्या प्रादेशिक गाडीने पॅरिस. दिवस जातो, पण रिझर्व्हेशन लागत नाही.
२) पॅरिस–झुरिक: लिरिया, सक्तीचं. संपलं तर पॅरिस एस्त स्टेशन ते स्त्रासबूर वेगवान टीजीव्ही (रिझर्व्हेशन १० किंवा २० युरो), पुढे बाझेलपर्यंत टीईआर, रिझर्व्हेशनशिवाय. झुरिकला न थांबता त्याच दिवशी ल्युत्सर्नवरून इंटरलाकेन गाठा. रात्री बारापर्यंत कितीही गाड्या बदला, दिवस एकच मोजतात. स्वित्झर्लंडच्या आतल्या साध्या गाड्यांना सीट राखायची गरज नाही.
३) इंटरलाकेन–मिलान: श्पीत्स किंवा ब्रिगला बदला. मिलानला जाणाऱ्या युरोसिटीत रिझर्व्हेशन सक्तीचं. इथे लोक फसतात, कारण स्विस हद्दीत त्याच गाडीला काही लागत नाही.
४) मिलान–व्हेनिस: फ्रेच्यारोसा, सक्तीचं, दहा-पंधरा युरो. उतरायचं सांता लुचियाला. त्याआधी येतं ते मेस्त्रे, ते मुख्य भूमीवर आहे. हॉटेल कुठे आहे ते आधी पाहा.
५) व्हेनिस–व्हिएन्ना: रात्रीची नाइटजेट. बर्थचे वेगळे पैसे. मध्यरात्रीनंतर गाडी बदलायची नसेल तर निघायच्या तारखेचा एकच दिवस खर्ची पडतो.
पाच दिवस झाले, दोन उरले. एक इंटरलाकेनहून ल्युत्सर्नला जाऊन यायला, एक व्हिएन्नाहून झाल्त्सबुर्गला. अडीच तासांवर आहे, रेलजेट आणि वेस्टबान दोन्ही गाड्यांत पास चालतो.

ए-२०१ काकू, १०:४०
आणि युंगफ्राउ? ते तर फुकट ना? आमच्या भाच्याने स्विस पासवर केलं होतं.

सी-१०२ ताई, १०:४३
काकू, तो स्विस ट्रॅव्हल पास, वेगळा. त्यात लाउटरब्रुनन, वेंगेन, ग्रिंडेलवाल्ड येतात. युरेलवर इंटरलाकेन ओस्टच्या पुढच्या डोंगरी गाडीला फक्त २५ टक्के सूट. खिडकीवर पास दाखवून मागावी लागते.

सी-४०१, १०:४४
बी विंगसमोर पांढरी गाडी कुणाची? माझी बाहेर निघत नाही.

बी-५०१, १०:४६
पास-पास चाललंय तर इथेही पार्किंगचा पास काढा! दोन वर्षं मागतोय.

सेक्रेटरी, १०:४७
पार्किंगचा विषय सभेत घेतला आहे. कृपया.

ए-२०१ काकू, १०:४८
पांढरी गाडी आमच्या पाहुण्यांची. हलवते हो, दोन मिनिटं.

डी-४०३, १०:५५
माझी बहीण म्युनिचहून व्हिएन्नाला येऊन भेटणार आहे. तिलाही हाच पास घेऊ?

सी-१०२ ताई, १०:५८
नाही. पासपोर्ट भारतीय असला तरी ती जर्मनीत राहते, तिला इंटररेल घ्यावा लागेल. युरेल युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी. आणि इंटररेल राहत्या देशात मर्यादित चालतो, जर्मनीतून बाहेर पडायला एक दिवस, परत यायला एक. एवढ्याशा प्रवासाला तिने साधं तिकीट काढलेलं बरं.

ए-६०२ काका, ११:०५
पॅरिसच्या स्टेशनांचंही लक्षात ठेवा. युरोस्टार गार द्यू नोरला येते, लिरिया गार द लियोंहून सुटते. मधली आरईआर डी ही पॅरिसची लोकल पासवर चालत नाही, वेगळं तिकीट काढा. मेट्रो, ट्राम, शहरातल्या बस पासात नाहीत. आणि बॅगा स्वतःच उचलायच्या. माणशी एकच, चाकांची.

बी-३०४ वहिनी, ११:१२
चारही बंद झाले!!! आता परत चालू कधी करू?

डी-४०३, ११:१७
व्हिसा आल्यावर, निघायच्या आदल्या दिवशी. मग क्रम असा: ट्रिपला पास जोडा, त्या दिवसाची गाडी शोधून ट्रिपमध्ये टाका, शेजारचं बटण चालू करा, ट्रॅव्हल डे तयार होतो आणि क्यूआर कोड येतो. हे सगळं गाडीत चढण्याआधी. आत बसून, तपासनीस दिसल्यावर बटण दाबलं तर पूर्ण भाडं आणि दंड. बेत बदलला तर आदल्या रात्री बाराच्या आत दिवस काढून टाका, तो दिवस सुरू झाल्यावर परत मिळत नाही.
अ‍ॅप ७२ तासांत एकदा तरी नेटवर यायला हवं. पासपोर्ट जवळ ठेवा, पासबरोबर तोही बघतात. गाडी उशिरा आहे का, प्लॅटफॉर्म बदलला का, हे त्या अ‍ॅपवर विसंबून बघू नका, त्या-त्या देशाच्या रेल्वेचं अ‍ॅप घ्या.

सी-१०२ ताई, ११:२०
एक राहिलं. काही गाड्या वाटेत दोन तुकडे होऊन वेगवेगळ्या गावांना जातात. डब्याच्या दारावरची पाटी वाचूनच चढा.

बी-५०१, ११:२४
वहिनी, कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घ्या बँकेच्या अ‍ॅपमधून. नाहीतर रिझर्व्हेशनचं पेमेंट अडकतं.

बी-३०४ वहिनी, ११:२६
थँक्यू साहेब, ते खरंच बंद होतं.

ए-६०२ काका, ११:२७
मग आत्ताच पॅरिसचं करून टाका. चार सीट.

बी-३०४ वहिनी, ११:२९
काका, व्हिसाआधी? रिझर्व्हेशनचे पैसे परत मिळतात का?

ए-६०२ काका, ११:३१
बहुतेकांचे मिळत नाहीत. पण माणशी ३० जाणं परवडतं. कोटा संपला तर चार जणांना पूर्ण भाडं भरावं लागेल. मी बसलोय, पास नंबर मला इथे नको, फोनवर सांगा.

सेक्रेटरी, ११:३३
पास नंबर, पासपोर्टचे फोटो ग्रुपवर कुणीही टाकू नयेत. पाणी ७ ला बंद.

बी-३०४ वहिनी, ११:५२
१० मे सकाळच्या गाडीला तीनच सीट दाखवतंय. दुपारच्या गाडीला चार मिळाल्या, घेतल्या.