शब्दचर्चा: मधेच सुटलेल्या वेबकॉमिकला मराठीत काय म्हणायचं?

तिरकी रेघ

कोथरूडात आम्ही सात-आठ जण महिन्याच्या शेवटच्या रविवारी जमतो, सगळे वेबकॉमिकवाले, म्हणजे इंटरनेटवर पानापानाने येणाऱ्या चित्रकथा वाचणारे. कुणी काय वाचलं, दुसऱ्याने काय वाचावं याची एक शीट केली आहे आणि ती हट्टाने मराठीत ठेवली आहे. नाव, चित्रकार, सुरू कधी झाली आणि शेवटचा रकाना "स्थिती". त्यात "चालू" आणि "पूर्ण" हे शब्द लगेच बसले. तिसरा बसेना. जी सुरू झाली, शे-दोनशे पानं आली आणि मग चित्रकारच दिसेनासा झाला, तिच्यापुढे काय लिहायचं? सध्या ज्याच्या मनाला येईल ते त्याने लिहिलंय: अपूर्ण, अर्धवट, बंद, रखडली, हायटस (म्हणजे लांबलेला खंड). एकाने "वारली" लिहिलं, तर दुसऱ्याने विचारलं की ही वारली शैलीत आहे का. एकच शब्द हवा. रकाना अरुंद आहे.

नारायणपेठी

अपूर्ण. यात चर्चा ती काय करायची?

पॅनेल तिसरं

काका, चालू असलेली पण अपूर्णच असते ना! या मंगळवारी दोनशेवं पान आलं, पुढच्या मंगळवारी दोनशे एकावं येणार, तोवर ती अपूर्णच. आम्ही कॉलेजात "ड्रॉप झाली" म्हणतो, पण त्यातही घोळ आहे. "मी ती ड्रॉप केली" म्हणजे मी वाचायची सोडली. चित्रकाराने सोडली की वाचकाने, तेच कळत नाही.

नारायणपेठी

मान्य. मग अर्धवट. आणि एक विचारतो, वेबकॉमिक स्त्रीलिंगी कधीपासून झालं? ते कॉमिक, ती नव्हे.

तिरकी रेघ

चित्रकथा ती, म्हणून कॉमिक ती. आमच्यात असंच म्हणतात. तुम्ही ते म्हणा, शीटला चालेल.

खोडरबर

अर्धवट मात्र नको. आंबा अर्धवट पिकलेला असतो, माणूस अर्धवट झोपेत असतो, तिथवर ठीक. पण नुसतं "अर्धवट" म्हटलं की मराठी माणसाला आधी बावळट आठवतो. पाध्यांच्या बाहुल्याचं नाव अर्धवटराव उगाच नाही. मी स्वतः एक कॉमिक सोडलेला माणूस आहे, मला लागतं ते.

पॅनेल तिसरं

कुठली?? नाव सांग ना दादा.

खोडरबर

नाव राहू दे. वेताळ टेकडीवरच्या वेताळाची होती. २०१७ ला सुरू केली, २०१९ ला एकसष्टाव्या पानावर थांबली. त्या पानावर एक हात देवळाच्या घंटेकडे जातोय, घंटा अजून वाजलेली नाही, कोपऱ्यात "क्रमशः". आणि पानाखाली मी लिहिलंय, "दिवाळीनंतर भेटू." कुठली दिवाळी ते लिहिलं नाही, तेवढीच काय ती हुशारी.

तिरकी रेघ

अरे, ती तुझी? आमच्या यादीत आहे ती! स्थितीच्या रकान्यात कुणीतरी तीन प्रश्नचिन्हं टाकलीत.

नारायणपेठी

सकाळपासून दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश काढून बसलो आहे. (पहिला खंड १९३२ चा, पुण्यातच निघालेला. आमच्याकडचा वाळवीने थोडा वाचला आहे.) "टाकणे" या क्रियापदाचा विचार करा. नुसतं फेकणे नव्हे. शाळा टाकली, नोकरी टाकली, अन्न टाकलं. आणि श्रावणातल्या कहाण्यांतला तो वसा: "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही." दर मंगळवारी पान देईन असं जाहीर करणं हा वसाच झाला की. तो मोडला, तर "टाकली" हा नेमका शब्द. जबाबदारी घेतली होती आणि सोडली, हे त्यात आपोआप येतं.

तिरकी रेघ

काका, शब्द नेमका आहे, पण तुमचाच लिंगाचा मुद्दा इथे आडवा येतो. "टाकलेली चित्रकथा" मोठ्याने म्हणून बघा. माझ्या आजीच्या तोंडी "टाकलेली" म्हणजे नवऱ्याने टाकलेली बाई, दुसरं काही नाहीच. आणि त्या शब्दात दोष नवऱ्याचा असला तरी खाली मान बाईचीच जायची. मला नाही लिहवणार.

नारायणपेठी

तरी म्हणत होतो, "ते" म्हणा. (पण मुद्दा पटला. टाकली मागे घेतो.)

खोडरबर

वसा म्हणालात ते मात्र आत कुठेतरी लागलं, कारण खरं आहे. पण वसा घेणाऱ्याला घरचे फराळाला तरी विचारतात. इथे लेखक मी, चित्रकार मी, रंग मी, अक्षरं मी, साइटचं भाडं भरणाराही मी. एका पानाला साधारण नऊ तास लागायचे. त्यातला दीड तास नुसता संवादांच्या फुग्यांवर. देवनागरीला वर वेलांटी, खाली उकार, दोन ओळींत जागा जास्त सोडावी लागते. इंग्रजी कॉमिक बघून काढलेला फुगा मराठी वाक्याला पुरतच नाही. एक तर फुगा वाढवा आणि वेताळाचं डोकं झाका, नाहीतर वाक्य तोडा. आणि खरं कारण विचाराल तर ते याहून लाजिरवाणं आहे. साठ पानं काढून हात सुधारला, मग पहिली पानं बघवेनात. म्हटलं, आधी पहिली दहा नव्याने काढू, मग पुढे जाऊ. तिथेच संपलं.

पॅनेल तिसरं

हे किती जणांचं होतं! "पहिला अध्याय पुन्हा काढतोय" अशी सूचना आली की मी समजून जाते, आता ही काही येत नाही.

बरं, मला एक सुचतंय. आपण विशेषण शोधतोय, पण मराठीत खरी गंमत क्रियापदात आहे. अपूर्ण राहिली, अपूर्ण ठेवली, अपूर्ण सोडली. विशेषण एकच, पण तिन्हींत दोष वेगवेगळ्या ठिकाणी जातो. तसंच बंद पडली आणि बंद केली. मिक्सर बंद पडतो, दुकान बंद करतात.

यादीतल्यांना लावून बघा. केट बीटनची "हार्क! अ व्हेग्रंट": तिने २०१८ ला सरळ सांगितलं की हा प्रकल्प संपला, आता ही साइट संग्रह म्हणून राहील. ती "थांबवली". रिच बर्ल्यूची "ऑर्डर ऑफ द स्टिक" २००३ पासून आहे. २०१२ च्या सुरुवातीला वाचकांनी छापील पुस्तकांसाठी त्याला साडेबारा लाख डॉलरहून जास्त जमवून दिले, आणि त्याच वर्षी त्याच्या हाताला मोठी जखम झाली. काम थांबलं, पुढे परत सुरू झालं. तिला "खंड पडला" एवढंच म्हणता येईल. "मेगाटोकियो" २००० ची, पानं विरळ विरळ होत गेली. तिला रखडली म्हणावं.

नारायणपेठी

उत्तम. गडकऱ्यांचं "राजसंन्यास" अपूर्ण राहिलं असंच आपण म्हणतो. १९१९ साली ते गेले, नाटक तसंच राहिलं. "गडकऱ्यांनी सोडलं" म्हणायची कुणाची जीभ वळत नाही. राहिलं यात कर्ता मोकळा होतो.

मात्र "खंड पडला" आणि "खंडित" एक समजू नका. खंड पडलेला वार पुढच्या आठवड्यापासून परत धरता येतो. खंडित मूर्ती पूजेत चालत नाही, तिचं विसर्जन करतात.

तिरकी रेघ

राहिली. राहून गेली. मला हे फार आवडलं, पण रकान्यात नुसतं "राहिली" वाचून लोक विचारतील, वाचायची राहिली का?

एक उपप्रश्न. काही जण शेवटी उरलेली गोष्ट नुसती लिहून टाकतात. चित्रं नाहीत, कच्च्या रेघा आणि चार परिच्छेद: मग हा मेला, ती राज्यावर बसली, वगैरे. ती पूर्ण धरायची का?

नारायणपेठी

त्याला शब्द तयार आहे. "ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण." त्या रकान्यात "पाचा उत्तरी" लिहा.

पॅनेल तिसरं

😂😂 काका, हे मी आता प्रत्येक मालिकेच्या शेवटच्या भागाला वापरणार.

खोडरबर

एक गोष्ट सुटतेय. रोजचा विनोद आणि लांब कथा यांना एकच माप लावू नका. "चिंटू" घ्या. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा, १९९१ च्या नोव्हेंबरात पुण्यातल्या सकाळमध्ये सुरू झालेला. त्यातली रोजची पट्टी त्या दिवशीच संपते. असं काही उद्या थांबलं तर वाचक हळहळेल, पण कुणी घंटेकडे हात नेऊन ठेवलेला नसतो. ख्रिस ऑनस्टॅडची "एचवूड" २००१ ची, मधे वर्षानुवर्षं गायब, २०२३ ला परत आली. तिथे बरेचसे विनोद सुटे, म्हणून वाट बघणं सोपं गेलं असावं. लांब कथेचा वाचक जास्त चिडतो, आणि त्याचा तो हक्क आहे असं मला आता वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं. फुकट वाचतात आणि वर तगादा लावतात, असं मी तेव्हा एकाला लिहिलं होतं. त्याने उत्तर दिलं नाही, पण पुढचे दोन महिने साइट बघत होता, आकड्यांत दिसायचं.

सातबारा

सगळं वाचलं. मला कॉमिकमधलं काही कळत नाही, नातू वाचतो. पण तुम्ही ज्याला शब्द शोधताय तो आमच्याकडं रोजच्या कागदात आहे. मी शेतीच्या आकडेवारीत नोकरी केली, आता हडपसरला असतो.

जमीन आहे, मालक आहे, पण पेरलेली नाही. तिला टाकलेली म्हणत नाहीत, बेवारस तर नाहीच. ती "पड". त्याच्यातही आम्ही भागतो. यंदा पेरली नाही, तर "चालू पड". वर्षाच्या पुढं पाच वर्षांपर्यंत "इतर पड". पाच वर्षं उलटली की तिला "लागवडीयोग्य पडीक" म्हणायचं. मालकानं का पेरली नाही याला त्या रकान्यात जागा नाही. पाऊस नसंल, पैसा नसंल, पोरगं पुण्याला गेलं असंल, नाहीतर मुद्दाम ठेवली असंल. जमिनीला इसावा म्हणून पड ठेवतातच की.

तिरकी रेघ

बाबा, हे कुठे होतात इतका वेळ!

पॅनेल तिसरं

म्हणजे हाताला जखम झाली ती चालू पड. एचवूड मधल्या काळात लागवडीयोग्य पडीकपर्यंत जाऊन परत लागवडीखाली आली. हायटस, ड्रॉप असल्या शब्दांत किती दिवस हे कुणीच ठरवलेलं नाही, भांडणं त्यावरूनच होतात. इथे चक्क वर्षं ठरलेली आहेत.

मग हे सांगा: अँड्र्यू हसीची "होमस्टक" १३ एप्रिल २००९ ला सुरू होऊन १३ एप्रिल २०१६ ला संपली, आठ हजारांवर पानं. म्हणजे पूर्ण. पण त्यातली कितीतरी पानं फ्लॅशमध्ये (साइटवर हलती चित्रं दाखवायचं जुनं तंत्र) होती आणि २०२० अखेरीस अडोबीने फ्लॅशच बंद केलं. चाहत्यांनी सगळं गोळा करून वेगळ्या रूपात जपलं म्हणून आज नीट बघता येतं. अशा पानांना काय म्हणायचं?

सातबारा

जमीन चांगली, पण मधे ओढा, खडक, काही पिकत नाही एवढा तुकडा. पोटखराब.

नारायणपेठी

पोटखराब! साष्टांग नमस्कार. आणि जी साइटसकटच गेली, सापडतच नाही, ती?

सातबारा

नदीनं नेली म्हणायची. तिला पड म्हणू नका, पड व्हायला जमीन लागती.

पॅनेल तिसरं

जिओसिटीज (फुकटात स्वतःची साइट करायची जागा) २००९ ला बंद झालं तेव्हा घरगुती कॉमिकं अशीच गेली. त्यातलं जे इंटरनेट अर्काइव्हने (जुन्या साइट जपणारी संस्था) उचललं तेवढंच आता बघायला मिळतं, तेही निम्मी चित्रं गळलेली. यादीत तसली एकच आहे, तिला "बुडाली" करते.

नारायणपेठी

एक शंका काढून ठेवतो, नाहीतर झोप लागायची नाही. "पडीक" माणसालाही लावतात. नुसता पडून असतो, पडीक कुठला! अर्धवटला जो आक्षेप घेतला तोच इथे येईल.

खोडरबर

येऊ दे. अर्धवट म्हणजे डोक्यातच कमी. पडीक माणूस निदान उठू शकतो. आणि इथे शब्द कॉमिकला लावायचाय, मला नाही.

तिरकी रेघ

ठरलं मग. चित्रकाराने स्वतः सांगून संपवली तर "थांबवली". घाईने गुंडाळली तर "पाचा उत्तरी". साइटच नाही ती "बुडाली". काही न सांगता गप्प झालेल्या सगळ्या "पड", आणि पुढे चालू, इतर की पडीक ते शेवटच्या पानाच्या तारखेवरून. चित्रकार गेला असेल तिथे "राहिली", तो काकांचा शब्द तसाच. एकच हवा होता, पाच-सहा झाले. लोकांनी "वारली"च ठेवा म्हणून मत दिलं तर मी काही करू शकत नाही.

सातबारा

पीकपाहणी दर वर्षी करावी लागती बरं का. एकदा लिहून ठेवलं आणि विसरलं असं चालत नाही.

तिरकी रेघ

करू. डिसेंबरातल्या रविवारी.

खोडरबर

माझी २०१९ ची. प्रश्नचिन्हं काढ आणि लागवडीयोग्य पडीक लिही.

तिरकी रेघ

मावत नाही रे. "पडीक" एवढंच येतंय.

खोडरबर

मग रकाना वाढव. "लागवडीयोग्य" गाळून लिहिलेलं चालणार नाही.

तिरकी रेघ

वाढवला.